बाळाची पहिली गाडी : वाढत्या अंगाची नको!



गेल्या महिन्यात माझे एक जुने पेशंट, वय 66, कंबर धरून दवाखान्यात आले. मधुमेह आणि रक्तदाबासाठी ते बरीच वर्षे माझ्याकडे येतात. शुगर ठीक, प्रेशर ठीक, रोजचे चालणे चालू. पडले नव्हते, जड काही उचलले नव्हते, पायात मुंग्याही नव्हत्या. "मग काका, अलीकडे नवीन काय सुरू केलंत?" असे विचारल्यावर काकूंनीच उत्तर दिले, "नातवाची सायकल ढकलतात. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. वाकून!"

नातू 16 महिन्यांचा. त्याच्या पहिल्या वाढदिवसाला आजोबांनी हौसेने तीनचाकी सायकल आणली होती. दुकानातली सर्वांत मोठी, कारण "चार-पाच वर्षं तरी वापरता येईल." नातवाचे पाय पेडलपर्यंत पोचत नव्हते. तो नुसता बसायचा, आजोबा वाकून मागून ढकलायचे. काकांना कमरेचा एक्स-रे काढून हवा होता. मी नीट तपासले, पॅरासिटामॉल लिहून दिले आणि म्हटले, "एक्स-रेची आत्ता गरज नाही. सायकल बदला."

"अहो डॉक्टर, नवी कोरी आहे ती!"

"म्हणूनच सांगतोय काका. तुमच्या कमरेसाठी आणि त्याच्या पायांसाठीही."

मी मोठ्या माणसांचा डॉक्टर आहे. लहान मुलांचे आजार हा माझा विषय नाही, त्यासाठी बालरोगतज्ज्ञ आहेत. पण आजी-आजोबा आणि आई-बाबा माझ्यासमोर बसलेले असतात आणि बोलता बोलता असे प्रश्न निघतात. शिवाय तिशी-पस्तिशीत वाढलेली शुगर घेऊन येणारी मंडळी मी रोज पाहतो. त्यांना "हालचाल वाढवा" हे सांगताना मला नेहमी वाटते की हे सांगायला आपण फार उशीर करतो. अंग हलवण्यातली मजा दीड वर्षाच्या मुलाला शिकवावी लागत नाही. आपण फक्त ती हिरावून घ्यायची नसते. म्हणून आज या वरवर छोट्या वाटणाऱ्या विषयावर लिहितो आहे.

माझी स्वतःची चूक

आधी कबुली देतो. माझा मुलगा लहान असताना मीही हेच केले होते. आपल्याकडे मुलांचे कपडे 'वाढत्या अंगाचे' घ्यायची पद्धत आहे. बाही दुमडली, टाचेशी जरा शिवून घेतले की काम भागते. मी सायकलही वाढत्या अंगाची घेतली. त्याचे पाय जेमतेम बोटांवर टेकत होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती सायकल त्याच्या अंगावर पडली. लागले फारसे नाही, गुडघा खरचटला एवढेच. पण त्यानंतर सायकल म्हटले की तो आईच्या मागे लपायचा. तो सायकल शिकला आठव्या वर्षी, तीही मित्राच्या लहान सायकलवर, आमच्या नकळत.

शर्ट मोठा झाला तर मूल जरा गबाळे दिसते. सायकल मोठी झाली तर मूल घाबरते. एकदा बसलेली भीती सीट खाली करून जात नाही. माझे मत मी सुरुवातीलाच सांगून टाकतो: बाळाची पहिली गाडी आजच्या मापाची असावी, पाय पूर्ण जमिनीवर टेकणारी असावी आणि ती त्याने स्वतः चालवावी. पेडल, बॅटरी, गाणी, दिवे, मागचा दांडा हे सगळे त्यानंतर.

या वयात शरीर काय करू शकते?

जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या मुलांचा अभ्यास करून हालचालींचे टप्पे ठरवले आहेत. त्यानुसार आधाराशिवाय चालणे हे 8 महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत कधीही सुरू होऊ शकते. म्हणजे शेजारची चिमी दहाव्या महिन्यात चालली आणि आपला बंड्या पंधराव्या महिन्यात, तरी दोघेही नॉर्मल असू शकतात. गाडी आणून बंड्याला 'लवकर चालवता' येत नाही. मात्र 18 महिने पूर्ण होऊनही मूल आधाराशिवाय चालत नसेल, तर गाडीच्या दुकानाऐवजी बालरोगतज्ज्ञांकडे जा.

चालायला लागलेल्या मुलाचे शरीर म्हणजे वर जड आणि खाली हलके. मोठ्या माणसात डोके उंचीच्या साधारण आठव्या भागाइतके असते. नवजात बाळात ते चौथ्या भागाइतके असते आणि दीड-दोन वर्षांतही शरीराच्या मानाने मोठेच असते. त्यामुळे शरीराचा तोल वरच्या बाजूला राहतो आणि मूल पडते तेव्हा बहुधा डोक्याकडून पडते. गाडी जितकी उंच, तितके हे वरचे वजन धोक्याचे.

तोल सांभाळण्यासाठी मेंदूला तीन ठिकाणांहून बातम्या लागतात: कानाच्या आतल्या भागातून, डोळ्यांतून, आणि स्नायू-सांध्यांतून व तळपायांतून. लहान मेंदू या बातम्या जुळवून स्नायूंना क्षणाक्षणाला हुकूम देतो. ही जुळवाजुळव फक्त सरावाने पक्की होते. मूल स्वतः पायाने गाडी ढकलते, वळते, थांबते, कलंडते आणि पाय टेकून स्वतःला सावरते, तेव्हा हा सराव होत असतो. आजोबा ढकलतात तेव्हा सराव आजोबांचा होतो.

पेडल मारणे हे त्याहून अवघड काम आहे. दोन्ही पाय आळीपाळीने गोल फिरवायचे, त्याच वेळी हँडल धरायचे आणि समोर बघायचे. बहुतेक मुलांना तीनचाकीचे पेडल तिसऱ्या वर्षाच्या आसपास जमते. पहिल्या वाढदिवसाला पेडलची सायकल देणे म्हणजे बोबडे बोलणाऱ्याच्या हातात अंकलिपी देण्यासारखे आहे. वस्तू चांगली आहे, वेळ चुकली आहे.

दुकानात काय काय दिसते आणि माझे मत काय

*बेबी वॉकर.* गोल चौकटीत मधोमध झोळी, त्यात बाळ लोंबकळते आणि पायाच्या बोटांनी ढकलत घरभर फिरते. माझे मत स्पष्ट आहे: घेऊ नका, भेट आला तर वापरू नका. वॉकरमधले बाळ एका सेकंदात तीन फुटांहून जास्त अंतर जाऊ शकते. जिना, उंबरठा, गरम चहाचा कप, लोंबणारी इस्त्रीची वायर, सगळीकडे ते आपल्या आधी पोचते. 'मी समोरच होते हो' असे सांगणाऱ्या आया खरे बोलत असतात. धावून पोचण्याइतका वेळच मिळत नाही. आणि वॉकरने मूल लवकर चालते हा समज चुकीचा आहे. झोळीत लोंबकळताना तोल सांभाळावाच लागत नाही, मग तो शिकणार कसा? कॅनडाने 2004 मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडे ते अजून सर्रास मिळतात.

*पांगुळगाडा.* आपल्या आजी-पणजींच्या काळची तीन चाकांची लाकडी गाडी. वॉकर आणि पांगुळगाडा एकच, असे अनेकांना वाटते, पण दोन्हींत मोठा फरक आहे. पांगुळगाड्यात मूल मागे उभे राहून, स्वतःच्या पायांवर स्वतःचे वजन घेऊन चालते. तत्त्व बरोबर आहे. फक्त गाडा हलका असेल तर तो पुढे सटकतो आणि मूल तोंडावर आपटते. म्हणून जरा वजनदार, रुंद बैठकीचा गाडा घ्यावा, सतरंजीवर चालवावा आणि मोठ्या माणसाने जवळ असावे.

*पायाने ढकलायची चारचाकी.* बुटकी, बसकी, हत्ती-घोड्याच्या किंवा मोटारीच्या आकाराची. पेडल नाही, बॅटरी नाही. मूल दोन्ही बाजूंना पाय टाकून बसते आणि पायाने ढकलते. नीट चालायला लागलेल्या, साधारण सव्वा ते दोन वर्षांच्या मुलासाठी माझी पहिली पसंती हीच. कंटाळा आला की ते स्वतः उतरते, मागे जाऊन ढकलते, उलटी करून चाके फिरवते. हा सगळा खेळच आहे.

*बॅलन्स बाइक.* दोन चाकांची, बिनपेडलची छोटी सायकल. पाय टेकत टेकत पळवायची आणि जमले की पाय उचलून तोल सांभाळायचा. दोन वर्षांच्या पुढे ही उत्तम. अनेकांना हे नवे फॅड वाटते. प्रत्यक्षात जर्मनीतल्या मानहाइम गावी कार्ल फॉन ड्राइस यांनी 1817 मध्ये चालवलेली दुचाकी, म्हणजे आजच्या सायकलची पूर्वज, बिनपेडलचीच होती. पुढच्या चाकाला पेडल आले ते 1860 च्या दशकात, पॅरिसमध्ये. म्हणजे माणसाने आधी तोल शिकला आणि मग पेडल. मुलांनाही हाच क्रम सोपा जातो. बॅलन्स बाइकवर रुळलेल्या मुलाला पुढे बाजूच्या आधाराच्या चाकांची बहुधा गरज पडत नाही.

*तीनचाकी सायकल.* वाईट नाही, पण अडीच-तीन वर्षांनंतरची वस्तू. वेगात वळताना तीन चाके कलंडतात, म्हणून बसकी आणि मागची चाके दूर दूर असलेली घ्या. मागे उंच दांडा असलेली मिळते, तिचा उपयोग आहे: मुलाला बागेपर्यंत न्यायला ती सोयीची. आजोबांना वाकावेही लागत नाही. पण ती बाबागाडी आहे हे लक्षात असू द्या. तिच्यात बसून झालेला फेरफटका हा मुलाचा व्यायाम नव्हे. बागेत पोचलात की त्याला खाली उतरवा.

*बॅटरीवरची जीप किंवा बाइक.* वाढदिवसाच्या फोटोत ही सर्वांत छान दिसते. किंमतही तशीच. पण यात मूल फक्त बसते आणि बटण दाबते. बसायला आणि बटण दाबायला घरात मोबाइल आहेच, त्यासाठी आणखी हजारो रुपये कशाला? त्यातून वेग आणि वजन आले, म्हणजे धडकल्यावर लागणेही जास्त. दोन-तीन वर्षांच्या मुलासाठी मी ही सुचवत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी सूचना दिल्या. 1 ते 2 वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटे हालचाल करावी आणि त्याला बाबागाडीत किंवा खुर्चीत सलग एका तासाहून जास्त वेळ अडकवून ठेवू नये, असे त्यात म्हटले आहे. एक वर्षाच्या मुलाला स्क्रीन तर नकोच. तीन तास ऐकून घाबरू नका. घरात दुडदुडणे, डबे ओढणे, आजीच्या मागे स्वयंपाकघरात फिरणे, हे सगळे त्यात मोजायचे. पायाने ढकलायची गाडी या तीन तासांत भर घालते. बॅटरीची जीप त्यातून वजाबाकी करते.

घरी माप, मग दुकान

गाडीवर छापलेले वय पाहून खरेदी करू नका. एकाच वयाच्या दोन मुलांच्या उंचीत बराच फरक असतो. मापाची पट्टी वापरा.

1. मुलाला अनवाणी भिंतीला पाठ टेकवून उभे करा. दोन पायांच्या मध्ये एक पातळ वही आडवी धरून वर टेकवा. वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजा.

2. सीटची उंची या मापापेक्षा 2 ते 3 सेंटीमीटरने कमी हवी. माप 30 सेंटीमीटर आले तर सीट 27-28 सेंटीमीटरवर. बसल्यावर दोन्ही तळपाय सपाट टेकले पाहिजेत आणि गुडघे किंचित वाकलेले दिसले पाहिजेत. नुसती बोटे टेकणे चालणार नाही.

3. सीट सरकवता येणारी असेल तर उत्तम. सर्वांत *खालच्या* उंचीला ती आज बसते का ते बघा. 'वाढत्या अंगाची' सोय वरच्या बाजूने असावी, खालच्या बाजूने नाही.

4. गाडी हलकी असावी. मुलाच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, हा ढोबळ नियम. 10 किलोच्या मुलाला 3 किलोची गाडी उचलून वळवता येते. 6 किलोची अंगावर पडली तर तिच्याखालून निघता येत नाही.

5. चाके आणि सांधे हाताने चाचपून पाहा. चेन उघडी नको. चाकाच्या तारांमध्ये किंवा फटींत बोट, टाच अडकेल अशी जागा नको. हँडलच्या टोकांना जाड रबर हवे. निघून येणारा आणि अख्खा तोंडात जाईल असा एकही भाग नको.

6. गाणी-दिवे असतील तर बॅटरीचे झाकण स्क्रूने घट्ट बंद असायला हवे. बटणासारखी चपटी गोल बॅटरी मुलाने गिळली आणि ती अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांतही आतून भाजल्यासारखी गंभीर जखम होऊ शकते. अशी शंका जरी आली तरी उलटी करवू नका, 'शीतून निघून जाईल' म्हणून थांबू नका, थेट मोठ्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जा. त्यामुळे मी तर म्हणतो, मुकी गाडीच बरी. तोंडाने 'पोंss पोंss' करायला मुलांना जास्त आवडते.

7. आयएसआय चिन्ह पाहा. भारतात 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना ते सक्तीचे आहे. रस्त्याकडेच्या स्वस्त मालावर ते नसेल तर मोह टाळा.

मुलगी असेल तर?

हा मुद्दा मुद्दाम वेगळा काढतो. वाढदिवसांना मी जातो तेव्हा पाहतो, मुलाला गाडी आणि मुलीला भातुकली किंवा बाहुली. भातुकली चांगलीच आहे, मुलांनीही खेळावी. पण जागतिक आरोग्य संघटनेचे वर सांगितलेले टप्पे मुलगा आणि मुलगी दोघांसाठी एकच आहेत. दीड वर्षाच्या मुलीच्या पायांना, हाडांना आणि लहान मेंदूला गाडीची तेवढीच गरज आहे. पुढे चाळिशीत हाडे ठिसूळ झाल्याच्या, वजन वाढल्याच्या तक्रारी घेऊन माझ्याकडे बायकाच जास्त येतात. त्यांतल्या किती जणींना लहानपणी सायकल मिळाली होती, हे विचारले की बहुतेक वेळा उत्तर येते, "भावाची होती."

कुठे चालवायची?

घर लहान आहे, बाहेर फूटपाथ नाही, हे मला ठाऊक आहे. दोन खोल्यांच्या घरातही बसकी गाडी चालते. पलंग आणि कपाटाच्या मधल्या बोळातून वळण घेणे हे मुलासाठी मोठे साहस असते. काही गोष्टी मात्र पाळाव्याच लागतात.

- जिन्याच्या तोंडाशी दार किंवा फळी हवी. गच्चीत आणि गॅलरीत गाडी न्यायची असेल तर जिन्याचा दरवाजा बंद आणि कठडा बिनफटीचा हवा. गाडी कठड्याला लावून ठेवू नका, मूल तिच्यावर चढून वाकते.
- सोसायटीचे पार्किंग हे खेळाचे मैदान नाही. मागे येणाऱ्या मोटारीच्या चालकाला बुटक्या गाडीवरचे मूल दिसतच नाही. गाड्या येत-जात असताना तिथे अजिबात नको.
- उतार टाळा. या गाड्यांना बहुधा ब्रेक नसतो, ब्रेक म्हणजे मुलाचे पाय.
- ओढणी, लांब फ्रॉक, गळ्यातली दोरी, कमरेचा सुटा करगोटा चाकात अडकतो. अनवाणी किंवा सुट्या चपलांवर बाहेर नको, टाच झाकणारे बूट घाला.
- बॅलन्स बाइक किंवा सायकल बाहेर चालवायची असेल तर पहिल्या दिवसापासून हेल्मेट घाला. ते भुवयांच्या वर दोन बोटांवर, सपाट बसले पाहिजे आणि पट्टा बांधलेला असला पाहिजे. पहिल्या दिवसापासून घातले तर मूल कटकट करत नाही. बागेत घसरगुंडी किंवा शिडीवर चढण्याआधी मात्र ते काढा, कारण पट्टा अडकून गळफास बसू शकतो.

आणि कोणीतरी लक्ष ठेवायला हवे. हातात मोबाइल घेऊन शेजारी बसणे म्हणजे लक्ष ठेवणे नव्हे.

पडले तर?

पडणारच. खरचटणे हा शिकण्याचा भाग आहे, प्रत्येक वेळी 'अगंबाई' करून गाडी माळ्यावर टाकू नका.

जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने पाच-दहा मिनिटे दाबून धरा. हळद, कॉफी, टूथपेस्ट काही भरू नका, जखम आतून घाण राहते आणि डॉक्टरांना नीट दिसत नाही. धनुर्वाताची लस मुलाच्या नेहमीच्या लसीकरणात असते: दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना, आणि मग 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान बूस्टर. गाडीचे वय आणि या बूस्टरचे वय एकच आहे, तेव्हा गाडी आणताना लसीकरणाचे कार्ड एकदा उघडून पाहा. लसी पूर्ण असतील तर प्रत्येक खरचटण्याला वेगळे इंजेक्शन लागत नाही.

डोक्यावर पडले आणि लगेच रडले, थोड्या वेळाने शांत होऊन नेहमीसारखे खेळू लागले, तर बहुधा काळजीचे कारण नसते. तरी 24 तास लक्ष ठेवा. खालीलपैकी एकही गोष्ट दिसली तर लगेच हॉस्पिटल गाठा:

- क्षणभर जरी शुद्ध हरपली
- पुन्हा पुन्हा उलट्या
- झटका (फिट)
- नेहमीपेक्षा जास्त गुंगी, उठवूनही नीट न उठणे
- थांबतच नसलेले रडणे किंवा ओळख नसल्यासारखे बघणे
- कानातून किंवा नाकातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव
- डोक्यावर मऊ, पसरणारी सूज
- एखादा हात किंवा पाय न हलवणे

अशा वेळी कांदा हुंगवणे, तोंडात पाणी घालणे, गदागदा हलवणे यांत वेळ घालवू नका. जिन्यावरून किंवा मुलाच्या उंचीहून जास्त उंचीवरून पडले असेल, तर लक्षण नसले तरी डॉक्टरांना दाखवा.

"सायकलने पाय फेंगडे होतात का?"

हा प्रश्न आज्या हमखास विचारतात. उत्तर: नाही. दीड-दोन वर्षांपर्यंत बहुतेक मुलांचे पाय गुडघ्यापाशी बाहेर वाकलेलेच असतात. गर्भात पाय दुमडून बसल्याचा तो परिणाम. दोन वर्षांनंतर ते सरळ होतात, तीन-चार वर्षांच्या सुमारास उलट गुडघे एकमेकांना चिकटू लागतात आणि सात-आठ वर्षांपर्यंत ठीक होतात. गाडीवर बसल्याने यात फरक पडत नाही. पण दोन वर्षांनंतरही बाक वाढतच असेल, एकाच पायाला असेल, मनगटे जाड दिसत असतील किंवा मूल लंगडत असेल, तर ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होणारा मुडदूस किंवा दुसरे काही आहे का, हे तपासून घ्यावे लागते. दोष गाडीला देऊन ही तपासणी राहून जाऊ नये.

"पण डॉक्टर, सहा महिन्यांत लहान होईल, पैसे वाया!"

हा आक्षेप खरा आहे. मध्यमवर्गीय घरात मुलाच्या एका खेळण्याला किती पैसे घालायचे हा प्रश्न गैर नाही. माझे उत्तर असे की छोटी गाडी विकतच घ्यायला हवी असे नाही. नात्यात, सोसायटीत, शेजारी कोणाकडे तरी ती माळ्यावर धूळ खात पडलेली असते. मागायला लाजू नका. बाळंतविडा, पाळणा, झबली आपण पिढ्यान्‌पिढ्या फिरवतोच ना? फक्त जुनी गाडी घेताना चाके, स्क्रू आणि चिरलेले प्लास्टिक तपासा आणि साबणाने धुवा. दोन-अडीच वर्षांच्या मुलासाठी 12 इंची छोट्या सायकलचे पेडल आणि बाजूची चाके सायकलवाल्याकडून काढून घेतली, सीट पूर्ण खाली केली आणि पाय सपाट टेकले, तर बॅलन्स बाइक तयार. पुढे तेच पेडल परत बसवता येते.

खरे वाया जाणारे पैसे म्हणजे मोठी सायकल घेऊन मूल तिच्यावर बसायला तयार नसणे. ते मी स्वतः घालवले आहेत.

काकांचे पुढे काय झाले ते सांगतो. पंधरा दिवसांनी ते शुगर दाखवायला आले, तेव्हा कंबर ठीक होती. मोठी सायकल माळ्यावर गेली होती, दीड वर्षाने खाली काढायची म्हणून. पुतणीकडून एक जुनी प्लास्टिकची हत्तीगाडी आणली होती, तिचा एक कान तुटलेला. "पहिले दोन दिवस तो नुसता तिच्याभोवती फिरला," काका म्हणाले. "तिसऱ्या दिवशी बसला. आता मला हात लावू देत नाही."

मी म्हटले, "मग तुम्ही काय करता?"

"खुर्ची टाकून बसतो. तो येऊन माझ्या पायावर गाडी आदळतो, मी 'अरे बापरे' म्हणतो. असं शंभर वेळा."

मी त्यांच्या केस पेपरवर लिहिले: 'कंबर बरी. हाच उपचार चालू ठेवावा.'

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. आपल्या बाळाच्या वाढीबद्दल किंवा चालण्याबद्दल शंका असेल तर आपल्या बालरोगतज्ज्ञांना प्रत्यक्ष दाखवा.)